प्लायवूडची विहीर

सत्यभामा मॅडमच्या डाव्या भुवईचं टोक गेलं, तेव्हा आवाज असा काही झालाच नाही. दोरा रोज करतो तेवढीच बारीक चरचर, आणि मॅडमच्या पापणीत रोज येतं तेवढंच पाणी. पौर्णिमाच्या दातांत दोऱ्याचं एक टोक होतं, बाकीचा पीळ दोन्ही हातांच्या बोटांत होता, आणि त्याआधी दोनदा तो पीळ नुसत्या हवेत मिटून परत आला होता. केस समोर दिसत होते, दोराही समोर दिसत होता, पण दोघांची गाठ काही पडत नव्हती. म्हणून तिसऱ्या वेळी तिनं अंदाजानं हात थोडे पुढं रेटले, आणि दोरा जो गेला तो केसांच्या रांगेत आडवाच घुसला. मॅडमनी डोळे उघडून आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, पेन्सिल असेल ना गं तुझ्याजवळ. पेन्सिलीनं ते गेलेलं टोक त्यांनी आपल्या हातानं रेखलं. ते जरा वरच गेलं, त्यामुळे त्या बाजूनं मॅडम आता दिवसभर कुणाला तरी काहीतरी विचारत असल्यासारख्या दिसणार होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना वारासिवनीला भाच्याच्या साक्षगंधाला जायचं होतं. त्या रागावल्या नाहीत, पैसे पूर्ण ठेवले, आणि जाताना दारातून म्हणाल्या, डोळ्याला थोडा आराम दे बाई. त्या चिडल्या असत्या तर पौर्णिमा रडली असती आणि मोकळी झाली असती. त्या चिडल्या नाहीत, म्हणून ती पावडरचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली, आणि डबा टेबलावर ठेवायला गेली तर टेबल एक वीत पलीकडे निघालं. डबा फरशीवर. पांढरी पावडर सगळ्या दुकानभर.

पौर्णिमाचा डावा डोळा गेला तो कार्तिकात. खैरलांजीला आईकडे, तुळसाबाईकडे, ती एका दिवसापुरती गेली होती. धानाची कापणी चालू होती, आणि तिनं विळ्याला हातसुद्धा लावला नव्हता. ती बांधावर उभी राहून मोबाईलवर फोटो काढत होती. डोक्यावर भारा घेतलेली एक बाई जवळून गेली, भाऱ्यातली एक लोंबी जरा बाहेर आलेली होती, तिचं कुसळ डाव्या डोळ्यावरून गेलं, गालावरून पदर जावा तसं. इतकंच. फोटो मात्र चांगला आला. नंतर लाली, मग मेडिकलमधलं औषध, मग लग्नसराईची गर्दी, आणि गोंदियाच्या डॉक्टरपर्यंत पोचेस्तोवर बुबुळावर पांढरं धरलं होतं. फूल पडलं, असं गल्लीतल्या बाया म्हणाल्या, आणि तिला वाटलं की हे नाव ठेवणारी बाई नक्कीच दोन्ही डोळ्यांची असणार. डॉक्टरांनी सांगितलं की वरची पारदर्शक काच बदलता येते, नाव रांगेत घातलं आहे, नंबर कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही. तोवर दुसरा डोळा उत्तम आहे, त्याला जपा. आणि कागद मिटता मिटता, जसं एखादा माणूस चप्पल घालता घालता सांगतो, तसं त्यांनी सांगितलं की खोलपणा कळायला दोन डोळे लागतात, तेव्हा जिन्यावर वगैरे सांभाळा. बाकीचं सगळं ती विसरली, हे एक वाक्य चिकटलं.

आणि खरंच, सगळं जग कॅलेंडर झालं. रंग होते, माणसं होती, ओळखू येत होती, पण कुणीतरी ती भिंतीला खळ लावून डकवल्यासारखी. कपात ओतलेला चहा कपाच्या अलीकडे ओट्यावर सांडायचा. जिन्याची शेवटची पायरी असायचीच नाही, किंवा एखादी जास्तीची असायची. गिऱ्हाइकाला सुटे द्यायला हात पुढं केला की तिचा हात आणि गिऱ्हाइकाचा हात एकमेकांना ओळख न देता निघून जायचे. खेमराज, तिचा नवरा, शनिवारी संध्याकाळी उकव्याच्या खाणीवरून बसनं यायचा, दारात उभा राहायचा, आणि तिला वाटायचं की हा आधार कार्डावरचा फोटो कुणीतरी मोठा करून दारात लावला आहे. चेहरा तोच, नाक तेच, पण नाकाच्या पुढं येण्याला काही अर्थ उरला नव्हता. हे तिनं त्याला कधी सांगितलं नाही. नवऱ्याला असं काही सांगायचं तर त्याच्या जेवणाची वेळ बघावी लागते, आणि जेवणाच्या वेळी ती वरण ताटात पडतंय की मांडीवर याच्याच काळजीत असायची. त्यावर तिनं एक उपाय काढला: सावधपणा. सगळं हळू, सगळं स्थिर. दुकानात तर ती पुतळाच व्हायची; कोपर खुर्चीच्या पाठीला टेकवायचं, श्वास धरायचा, मान ताठ, जशी पासपोर्टच्या फोटोला बसवतात तशी. हलायचं म्हणून नाही. हललं की चुकतं, हे तिनं मनाशी पक्कं ठरवलं होतं, आणि जितकी ती ताठ झाली तितकं ते जास्त चुकत गेलं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची जागा. एक खुर्ची, एक आरसा, एक कूलर, आणि बाहेर तिच्या धाकट्या दिरानं, महेंद्रनं, रंगवलेला बोर्ड: 'पौर्णिमा ब्यूटी पार्लर', आणि अक्षरांच्या बाजूला एका बाईचा चेहरा, जिचे दोन्ही डोळे शंखाएवढे. फेशियल, मेंदी, नवरीचा मेकअप, सगळं त्यावर लिहिलं होतं, पण अशा गल्लीतलं दुकान चालतं ते भुवयांवर. भुवई कोरायला आलेली बाई बसल्या बसल्या बाकीचं करून घेते; भुवईलाच आली नाही, तर बाकीच्याला ती कशाला येईल. बाया कमी झाल्या होत्या. कुणी काही बोललं नव्हतं, फक्त पलीकडच्या गल्लीतल्या नव्या पार्लरसमोर ओळखीच्या चपला दिसायला लागल्या होत्या. आणि मागच्याच रविवारी खेमराजनं शर्टाची घडी घालता घालता, शर्टालाच सांगावं तसं सांगितलं होतं की रजत म्हणून एक पोरगा आहे, मोबाईलचं दुकान टाकायला जागा शोधतोय. चौदा एप्रिलच्या जयंतीआधीच्या सोमवारी माप घ्यायला येईल. तिनं विचारलं, काहून? तेव्हा घडी घातलेला शर्ट त्यानं परत उलगडला.

"कोणाच्या डोळ्यात दोरा गेला तं वं? आपल्या घरी एक पुरे झाला."

ती 'हौ' म्हणाली. त्या 'हौ'नंतर घरात सगळं ठरल्यासारखं झालं. पिंकी, तिची मुलगी, कॉम्प्युटरच्या क्लासवरून आली, तिला कळलं, ती म्हणाली, अच्छा है ना मम्मी, आराम कर, कितना करेगी. मायेनंच म्हणाली. पौर्णिमाला मात्र दिसत होतं ते पुढचं: ती मागच्या खोलीत बसली आहे, समोर टीव्ही, टीव्ही सपाट, भिंत सपाट, आणि पुढच्या जागेतून रिचार्जच्या आवाजात कुणीतरी नव्या कव्हरची किंमत सांगतंय. सत्तेचाळीसाव्या वर्षी माणूस मरत नाही, त्याला नुसतं भिंतीला लावून ठेवतात. दुकानात ती उभी असली की ती कोणीतरी होती. बाया तिच्या हाताखाली डोळे मिटून, चेहरा वर करून, पाच मिनिटं अगदी लहान मुलीसारख्या व्हायच्या, आणि डोळे मिटलेली बाई खरं बोलते हे तिला इतक्या वर्षांत कळलं होतं. कुणाची सासू, कुणाचं अबॉर्शन, कुणाच्या नवऱ्याची नागपूरची बाई, सगळं त्या खुर्चीत सांगून झालं होतं. ते आता मोबाईलच्या कव्हराला कोण सांगणार.

एक गोष्ट मात्र त्या महिन्यांत अशी होती की तिचा तिलाच अर्थ लागत नव्हता. तिला प्रवास आवडायला लागला होता. पूर्वी बसमध्ये तिला मळमळायचं. आता ती काही कारण काढून ऑटोत बसायची. वैनगंगेच्या पुलावरून ऑटो गेला की कठड्याच्या सळया झपझप मागं पळायच्या, त्यांच्या पलीकडे वाळू जरा सावकाश, तिच्या पलीकडे पाणी अजून सावकाश, आणि लांबची झाडं तर ऑटोबरोबरच चालल्यासारखी; आणि तेवढ्यापुरतं सगळं सुटं व्हायचं, एकाच्या मागं एक उभं राहायचं, छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. मग हनुमान चौकाच्या गर्दीत ऑटो थांबला की जग पुन्हा कॅलेंडरला जाऊन चिकटायचं. फेब्रुवारीत ती काही काम नसताना खेमराजबरोबर उकव्याला जाऊन आली होती, नुसती खिडकीशी बसायला. त्याला वाटलं, बायकोला आपली आठवण येते. तिनं ते तसंच राहू दिलं.

मॅडमच्या भुवईनंतर दोन-तीन दिवसांची गोष्ट. दुपारी महेंद्र जेवायला आला नाही म्हणून ती डबा घेऊन विहाराच्या अंगणात गेली. जयंतीच्या मिरवणुकीतली झांकी, गाडीवरचा देखावा, तिथं तयार होत होती. महेंद्रनं प्लायवूडचं पुरुषभर चाक कापलं होतं, त्याच्यावर नंतर धम्मचक्राच्या आऱ्या बसवायच्या होत्या, आणि त्या आऱ्यांच्या मागं तेज दिसावं म्हणून त्यानं निळी-पांढरी कडी एकात एक रंगवली होती. कंपास म्हणून खिळा आणि सुतळी. प्लाय मध्येच सडकं निघालं, खिळा काही जागेवर राहीना, आणि प्रत्येक कड्याच्या वेळी तो बोटभर एकाच बाजूला सरकत गेला. मोठ्या कड्याचा मध्य इथं, त्याच्या आतल्याचा जरा तिकडे, त्याच्या आतल्याचा अजून तिकडे. उभ्या चाकावर ते एखाद्यानं तिरप्या कापलेल्या कांद्यासारखं दिसत होतं. चाकाला भंगारातल्या जीपच्या वायपरची मोटर लावलेली होती, कारण ती हळू फिरते. वॉर्डाच्या समितीचे प्रेमलालभाऊ हात कमरेवर ठेवून उभे होते आणि महेंद्रला सांगत होते की हे चाक लंगडतं, पोरं हसतील, पुसून नव्यानं रंगव. महेंद्र म्हणत होता, रंगवतो भाऊ, पण एकदा फिरवून तं पाहू द्या. आणि त्यानं बटन दाबलं.

चाक फिरलं आणि पौर्णिमाच्या पायाखालची जमीन थोडी खाली गेली. समोर विहीर होती. खैरलांजीच्या शेतात होती तशी, एकाखाली एक गोल उतरत गेलेली, आत आत अंधारत गेलेली, आणि अगदी तळाशी फिकट निळ्या पाण्याची चकती. विहीर आळसावल्यासारखी फिरत होती, कुणीतरी तिचा तळ धरून सावकाश घुसळावा तशी. सगळं अंगण, सगळी माणसं, प्रेमलालभाऊंचा पांढरा सदरा, हे सगळं सपाट, डकवलेलं. आणि त्याच्या मधोमध एवढं एकच खोल. कार्तिकापासून तिनं अशी वस्तू पाहिली नव्हती, जिच्यात हात घालता येईल. म्हणून तिनं हात घातला. बोटांची हाडं ठक्कन प्लायवर आपटली, आणि निळा रंग लागला.

"वहिनी, ओला हाय ना तो," महेंद्र म्हणाला.

"भाऊजी, याच्यात विहीर हाय."

प्रेमलालभाऊंनी चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि घरी आजारी माणूस असल्यावर बोलतात त्या आवाजात म्हणाले की विहीर नाही बाई, चाक आहे, जरा वाकडं झालं आहे. पौर्णिमाला एरवी अशा वेळी खाली बघायची सवय झाली होती. आज मात्र बोटं दुखत होती, रंग लागला होता, आणि विहीर अजून फिरत होती.

"एक डोळा झाका तुमी," ती म्हणाली. "हातानं झाका. आन् मंग सांगा."

इतक्या महिन्यांत तिच्यासमोर कुणी 'डोळा' हा शब्द काढला नव्हता. सगळे त्याला 'ते तब्येतीचं' म्हणायचे. आता तो अंगणात तिनंच काढल्यावर नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. प्रेमलालभाऊंनी पंजा डाव्या डोळ्यावर ठेवला. मग एक पाऊल मागं गेले. "अरे," ते म्हणाले, आणि मग, "हे तं अंदर जाऊन राह्यलं ना बे." महेंद्रनं ब्रश कानावर अडकवला आणि उजवा झाकून पाहिलं, डावा झाकून पाहिलं, दोन्ही उघडे ठेवून पाहिलं. विहारात वंदनेला आलेल्या दोन-तीन बाया पायऱ्यांवर थांबल्या, काय चाललंय म्हणून विचारलं, आणि त्यांनीही पंजे डोळ्यांवर ठेवले. भर उन्हात, नेत्रशिबिराला बोलावल्यासारखा अर्धा वॉर्ड एकेक डोळा झाकून प्लायवूडसमोर उभा. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की थोडं थोडं दिसतं, महेंद्र म्हणाला, पण मंग लगेच प्लाय दिसते. एकानं पाहिलं तं पार तळ दिसते. पौर्णिमा हसली. ती हसते आहे हे तिला जरा उशिरानंच कळलं. चाक पुसायचं नाही असं ठरलं. प्रेमलालभाऊंना एवढीच शंका होती की मिरवणुकीत रस्त्यावरच्या सगळ्या लोकांना एक डोळा झाकायला कोण सांगणार. महेंद्र म्हणाला, बोर्ड लावतो ना भाऊ.

घरी येऊन ती आरशासमोरच्या खुर्चीत बसली, बोटांवरचा निळा रंग बघत. आधी आनंद झाला होता, आता त्याच्या मागून दुसरं काहीतरी येत होतं. कारण निघता निघता तिनं परत पाहिलं होतं, आणि विहीर नव्हती; तिच्या जागी पालथं घमेलं होतं, बाहेर आलेलं, तिच्या अंगावर येणारं, आणि क्षणभरानं पुन्हा विहीर. रंग तोच, मोटर तीच. मग आत जायचं की बाहेर यायचं, हे ठरवतं कोण? प्लायला तर काहीच माहीत नाही, ते बिचारं सडकं. म्हणजे ही सगळी डोळ्याची लबाडी. आणि डोळा इतका सरावलेला लबाड असेल तर पूर्वी, दोन्ही डोळ्यांनी जे काही तिनं खोल पाहिलं, नवऱ्याचं नाक, आईची विहीर, पोरीचा पाळणा, तेही कुणी सांगावं? पिंकी आली तेव्हा तिनं तिला विचारलं. पिंकीनं बॅग टाकली आणि मोबाईलवर बोट फिरवत सांगितलं, "मम्मी, आँख के अंदर तो सब फ्लॅटच येते. खोल-बिल तर दिमाग बनवते." मग तिनं काहीतरी वाचूनही दाखवलं, की सपाट आकार एकमेकांवरून सरकताना दिसले की मेंदू त्यांचा अर्थ लावतो: हे आकार वेडेवाकडे सरकत नाहीत, ही एकच अख्खी वस्तू आहे आणि ती खोल आहे. पौर्णिमाला ते पटलं. ती स्वतः तशीच होती. लोकांच्या वागण्यातला सगळा वाकडेपणा घेऊन त्यातून एक अख्खं माणूस बनवायचं, हेच तर संसारात करावं लागतं. सासूबाई तिनं अशाच बनवल्या होत्या.

पण मग डॉक्टर म्हणाले ते? खोलपणाला दोन डोळे लागतात म्हणाले. चाकापुढं तर एक पुरला. उलट एकच बरा पडला, कारण दुसरा उघडा असला की दोघं मिळून साक्ष देतात की हे प्लायवूड आहे, यात काही नाही. एकट्या डोळ्याशी भांडायला कुणी नसतं. फक्त त्याला एक गोष्ट लागते: काहीतरी हललं पाहिजे. कठड्याच्या सळया. उकव्याच्या रस्त्यावरचा साग. चाक. ती बसल्या बसल्या उठून उभी राहिली. तुळसाबाईची कोंबडी तिला आठवली, खैरलांजीच्या अंगणात, एका बाजूला एक डोळा आणि दुसऱ्या बाजूला एक, दाणा टिपायच्या आधी मान पुढं-मागं, पुढं-मागं. लहानपणी तिला वाटायचं की कोंबडी सारखी हौ-हौ म्हणते. ती अंतर मोजत असेल का? जग हलत नसलं, तर आपण हलायचं. एवढंच. आणि मग ते आठवलं, जे खरं तर सगळ्यात आधी आठवायला हवं होतं, आणि आठवलं तशी तिला स्वतःची थोडी लाजच वाटली. भुवई करताना ती डोलायची. गोंदियाला ज्या आंटीकडे ती काम शिकली, ती आंटी म्हणायची, क्यों री, नागिन है क्या तू. दोऱ्याचं टोक दातांत असतं, खेचायला मान मागं जातेच, पण पौर्णिमा नुसती मागं जात नसे, डावी-उजवी झुलायची, आणि बाया डोळे मिटून हसायच्या, म्हणायच्या, पौर्णिमाची पुंगी वाजली वाटते. वीस-बावीस वर्षं अशी. आणि डॉक्टरांनी बांधलेली डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवसापासून तिनं काय केलं? मान ताठ केली. श्वास धरला. उरलेल्या डोळ्याला ज्याची गरज होती तेच तिनं त्याच्यापासून काढून घेतलं, आणि त्याला सावधपणा हे नाव दिलं.

त्या संध्याकाळी तिनं चहा ओतताना मान डोलवली. किटलीची तोटी कपाच्या काठावरून इकडून तिकडे सरकली, काठ मागं राहिला, तोटी पुढं आली, दोघांमधली हवा दिसली. चहा कपात पडला. पिंकीनं घाबरून विचारलं, मम्मी चक्कर आ रहा है क्या. दुसऱ्या कपाला थोडा बाहेर सांडला, कारण ती खुशीत डोलायची विसरली. मग तो चाळाच झाला. उशीला खेमराजचं कांबळं गुंडाळून तिनं ती खुर्चीत बसवली, पावडर लावली, आणि कांबळ्याची लव दोऱ्यानं उपटायला बसली. पहिल्या दिवशी हवा जास्त आणि लव कमी. मान हलवताना हातही हलायचे, मग काहीच कळायचं नाही. हात धरायचे आणि मानच तेवढी सोडायची, हे अंगात यायला वेळ लागला. शनिवारपर्यंत कांबळ्याला एका कोपऱ्यात बऱ्यापैकी कमान निघाली. पण कांबळ्याला दुखत नाही, आणि कांबळ्याला डोळा नसतो. चेहरा पाहिजे होता. पिंकीनं कपाळावर ओढणी घेतली आणि क्लासला गेली. महेंद्र म्हणाला, वहिनी, जयंतीले मले स्टेजवर चढाचं हाय, आणि सायकल काढली. सत्यभामा मॅडमना कुठल्या तोंडानं बोलवायचं? त्यांची भुवई अजून पेन्सिलीवर चालली होती. सोमवारी रजत येणार होता.

खेमराज शनिवारी रात्री उशिरा पोचला, थकलेला, जेवून झोपला. रविवारी दुपारी कूलरसमोर पाय पसरून बसला असताना त्याला कांबळं सापडलं. त्यानं ते उजेडाला धरलं. "हे माह्यं कांबळं एका बाजूनं टकलं काहून झालं?" मग तिला सांगावं लागलं. सगळं एकदम आलं, विहीर, कोंबडी, सळया, आंटी, मागचं पुढं आणि पुढचं मागं, आणि आधार कार्डाचंही तिच्या तोंडून निघून गेलं. तो ऐकत होता की नाही ते तिला कळेना. तो कांबळ्याचा कोपरा अंगठ्यानं चोळत होता. विहिरीपाशी त्यानं एकदा मान वर केली. आधार कार्डापाशी पुन्हा. मग तो उठला, पुढच्या जागेत गेला, आणि बायांच्या खुर्चीत बसला. खुर्ची त्याला लहान पडत होती. आरशात स्वतःला बघून त्यानं मान दुसरीकडे केली, आणि मग मागं टेकवली.

"कर," तो म्हणाला.

"तुमच्या खाणीवाले हसतीन."

"हसू दे. तसेही हसतेत ते." आणि थोडं थांबून, डोळे उघडेच ठेवून, छताकडे बघत: "मले भेव वाटून राह्यलं, ते पाह्यजो. पण कर."

तिनं पावडर लावली. त्याच्या भुवया जाड होत्या, मधे काळी भुकटी. खाणीतली मॅंगनीजची धूळ साबणानंही पूर्ण जात नव्हती, केसांच्या मुळाशी राहायचीच. कातडी ताणून धरा, ती म्हणाली, आणि त्यानं खाणीत दगड धरतात तशी दोन बोटं कपाळावर रोवली. इतक्या जोरात नाई, हळू. मग त्यानं डोळे मिटले. दोन्ही. तिला वाटलं, बाया मिटतात तेव्हा त्यांचा दुकानावर विश्वास असतो, तिच्यावर नाही. हा मात्र पाच महिने कॅलेंडर झालेला माणूस, दोरा डोळ्यात जाईल म्हणून घाबरलेला, आणि नेमका तोच डोळे मिटून बसला आहे. तिनं दोऱ्याचं टोक दातांत धरलं. बोटांवर अजून थोडा निळा रंग होता. मान आपोआप ताठ झाली, श्वास आपोआप थांबला, आणि समोर फोटो होता, सपाट, भुवई काढलेली. दोरा मिटला तो हवेत. तो दचकला, पण हलला नाही. ती थांबली. श्वास सोडला. हात जागेवर ठेवले, आणि मान सोडली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, पुंगी नसताना.

आधी नाक आलं. नाक पुढं सरकलं, गाल मागं राहिला, कान आणखी मागं, आणि खुर्चीची पाठ, आणि तिच्याही मागं भिंत. मग भुवई कपाळावरून सुटली. एकेक केस दुसऱ्याच्या पुढं उभा राहिला, मुळाशी काळी धूळ, टोकाला उजेड, आणि दोऱ्याचा पीळ त्यांच्या अलीकडे, जेवढा असायला पाहिजे तेवढाच अलीकडे. त्याच्या डोळ्यांखाली खळगे पडले होते. हे कधी पडले? पाच महिन्यांत तिनं ते पाहिलेच नव्हते, काळसर डाग म्हणून पाहिले होते. ती थांबली की तो पुन्हा चिकटायचा, डोलली की परत यायचा, आणि प्रत्येक वेळी तो यायचा तेव्हा थोडा जास्त येतोय असं वाटायचं. तिनं हात पुढं नेले. चरचर झाली.

"आईओ," खेमराज म्हणाला. त्याच्या मिटल्या पापणीतून पाणी आलं. बाया पैसे देऊन हे करून घेतात, हे त्याला बहुधा आज कळलं. तिनं पुन्हा खेचलं, आणि पुन्हा, एका रांगेत, खालून, बाहेरच्या टोकापर्यंत, आणि टोक जागेवर राहिलं. गल्लीच्या टोकाला ढोल-ताशांचा सराव चालू होता. त्याचं बोलणं आलं ते अगदी हळू, डोळे मिटलेल्या माणसाचं असतं तसं.

"उद्या तो रजत येईन. त्याले काय सांगू?"

तिच्या दातांत दोरा होता, तिला बोलता येत नव्हतं. ती नुसती मान डोलवत राहिली, डावीकडे, उजवीकडे, आणि ते त्याला दिसत नव्हतं. त्यानं वाट पाहिली. मग त्यानं ताणून धरलेली बोटं एका भुवईवरून उचलली, चाचपडत दुसऱ्या भुवईवर ठेवली, आणि कातडी ओढून धरली, या वेळी हळू.

"सांगतो मंग, जागा खाली नाई म्हणून," तो म्हणाला. "हे बी कर आता. अर्धवट घेऊन मी उकव्याले जात नाई."

ती खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला गेली. तिथून उजेड कमी होता, आणि तिचा पांढरा डोळा त्याच्या चेहऱ्याकडे होता. तिनं नवा दोरा तोडला, टोक दातांत धरलं आणि मान सोडली. नाक पुढं आलं. त्याच्या मागची भिंत एक पाऊल मागं सरकली.